कर्जाचं कारण : गिटार

मी मीरा-भाईंदरहून बोलतेय. तुमच्यासारख्याच बचत गटांचं काम बघते. हिशेब, ठराव, इतिवृत्त, बँकेच्या फेऱ्या, यातच माझा दिवस जातो. आज मात्र मी कर्जाच्या वहीतल्या एका ओळीबद्दल बोलणार आहे. त्या ओळीपायी मला चारशे-पाचशे वर्षं मागे जावं लागलं.

आमचं शहर म्हटलं की तुमच्यासमोर लोकलची गर्दी आणि उंच इमारती येत असतील. पण भाईंदर पश्चिमेहून बसनं मिठागरं ओलांडून पुढे गेलं की डोंगरी, पाली, चौक, उत्तन अशी गावं लागतात. समुद्राकाठी बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. इथल्या कोळी वस्तीत बरीच घरं ख्रिस्ती आहेत. घरात मराठीच बोलतात, पण लुगडं, दागिने, लग्नाच्या रिती सगळं त्यांचं खास आहे. आमच्या एका गटात अशा सात जणी आहेत आणि बाकीच्या पाच माझ्यासारख्या, लग्न होऊन किंवा पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या.

एका मासिक बैठकीत सुकी मासळी विकणाऱ्या एका सदस्यानं सहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. वहीत "कारण" असा रकाना असतो, तुम्हाला माहीतच आहे. मी पेन हातात घेऊन विचारलं, "काय लिहू?" ती म्हणाली, "गिटार लिहा. पोरीला पायजे."

खोलीत एकदम कुजबुज सुरू झाली. आजारपण, शाळेची फी, जाळं, शिलाई मशीन, या सगळ्याला आम्ही कर्ज दिलंय. पण गिटार? एक जण म्हणाली, "त्याच्यातनं पैसा येणार काय?" दुसरी म्हणाली, "मशीन घे, लगेच हात वर करते." आणि तिसरीनं हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ते काय आपलं वाद्य नाय. पेटी असती तर गोष्ट वेगळी."

यावर ती सदस्य काहीच बोलली नाही, पदराशी चाळा करत बसून राहिली. मी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.

खरं सांगायचं तर ते "पेटी असती तर" मला लागलं होतं. माझं माहेर मिरजेजवळच्या एका खेड्यातलं. घरासमोरच्या देवळात गुरुवारी भजन व्हायचं. पेटी लाल कापडात बांधून ठेवलेली असायची. आठवीत असताना मी एकदा ती उघडून एक पट्टी दाबली, तर मागून आवाज आला, "पोरींनी हात लावायचा नाही." त्यानंतर मी कधीच हात लावला नाही. म्हणजे जे वाद्य "आपलं" म्हणायचं, तेही माझं नव्हतंच.

त्या आठवड्यात मी त्या सदस्याच्या घरी गेले. मुलगी अकरावीत शिकते. रविवारी चर्चच्या गायनात गाते आणि तिथलीच एक जुनी गिटार सरावासाठी थोडा वेळ घरी आणते. मी म्हटलं, "बाळा, मला यातलं काही कळत नाही. कर्ज कशासाठी मागताय ते तरी दाखव." तिनं गिटार सरळ माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "ताई, बघून नाय कळणार. एक बोट द्या."

गिटारला सहा तारा असतात. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. सतारीला आपण पडदे म्हणतो, तसंच हे. दोन पट्ट्यांमधल्या जागेला घर म्हणू. तिनं माझी तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात ठेवली, पट्टीच्या अगदी जवळ, आणि म्हणाली, "दाबा. आता खालच्या तीनच तारा वाजवा." मी वाजवल्या. पहिल्यांदा नुसतं खरखरलं, बोट दुखलं. दुसऱ्यांदाही खरखरलं. चौथ्या-पाचव्या वेळेला तिन्ही तारा एकदम बोलल्या आणि घरात उजेड पडल्यासारखं वाटलं. "ही सी मेजर कॉर्ड," ती म्हणाली. "छोटीवाली."

कॉर्ड म्हणजे काय, तर एकाच वेळी वाजणारे, एकमेकांशी जुळणारे निदान तीन सूर. त्यातली सगळ्यात उजळ वाटणारी ती मेजर कॉर्ड. मी तिला विचारलं, "हे तीन सूर कुठले?" तिनं इंग्रजी अक्षरं सांगितली, सी, ई, जी. मला काही उमगेना. मग लहानपणी भजनात ऐकलेलं आठवलं आणि मी पेटीच्या भाषेत मांडून बघितलं. सी म्हणजे पांढरी एक. तो सा धरला, तर ई म्हणजे पांढरी तीन, तो शुद्ध गंधार. आणि जी म्हणजे पांढरी पाच, तो पंचम. सा, ग, प! भूप राग शिकणारी मुलगी पहिल्या दिवसापासून हेच सूर घोकते. फक्त आपण ते एकामागून एक म्हणतो आणि गिटार ते एकदम म्हणते.

तुमच्या गावात भजनी मंडळाची पेटी असेल तर करून बघा. पांढरी एक दाबा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून चार पावलं वर जा, पांढरी तीन येईल. तिथून आणखी तीन पावलं, पांढरी पाच. तिन्ही एकदम दाबून भाता हलवा. चार आणि तीन, एवढंच मेजर कॉर्डचं गणित. कुठल्याही पट्टीपासून सुरू करा, चार आणि तीन मोजलं की मेजर कॉर्ड तयार. आता मधलं बोट पांढऱ्या तीनवरून काळ्या दोनवर आणा, म्हणजे गंधार कोमल करा. पावलं झाली तीन आणि चार. एवढ्यानंच सगळा रंग बदलतो, संध्याकाळ झाल्यासारखा. ती मायनर कॉर्ड. सा आणि प जागचे हलत नाहीत. मधला सूर एक पाऊल खाली येतो आणि हसू मावळतं.

आता इतिहासाकडे येते. हे तीन सूर एकत्र वाजवायची रीत आमच्या किनाऱ्यावर आली कुठून?

१५३४ साली गुजरातच्या सुलतानानं तह करून वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढची दोनशे वर्षं इथे त्यांचा अंमल होता. त्या काळात या किनाऱ्यावरची अनेक गावं ख्रिस्ती झाली आणि चर्चबरोबर चर्चचं गाणंही आलं. त्या गाण्याची तऱ्हा आपल्यापेक्षा वेगळी. आरतीला शंभर जण असले तरी चाल एकच असते. जात्यावर दोघी बसल्या तरी ओवी एकच. युरोपातल्या चर्चमध्ये मात्र काही जण वरचा सूर धरतात, काही मधला, काही खालचा, आणि हे सगळे वेगवेगळे सूर एकमेकांत बसवलेले असतात. त्याच काळात, १५५८ मध्ये, व्हेनिसच्या झारलिनो नावाच्या संगीतकारानं मोठा ग्रंथ छापून, कुठले सूर एकत्र गोड लागतात त्याचं कारण एक ते सहा या आकड्यांत शोधलं. ते आकडे लक्षात ठेवा, मी परत त्यांच्याकडे येणार आहे. पुढे १७२२ मध्ये फ्रान्सच्या रामो यानं सांगितलं की कॉर्डमधले सूर वर-खाली कसेही रचले तरी तिचा पाया एकच मूळ सूर असतो. आपण सा म्हणतो तसा.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई जिंकली. आमच्या चौक गावात धारावी किल्ल्याच्या जागी आज चिमाजी अप्पांचा पुतळा उभा आहे. पोर्तुगीज गेले, पण गावं राहिली, चर्च राहिली, गाणंही राहिलं. आणि एक गंमत ऐका. त्या मोहिमेनंतर चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. भीमाशंकरला गेलात तर तिथली मोठी घंटा नीट बघा. तिच्यावर क्रूस आहे आणि १७२९ साल आहे. नाशिकच्या नारोशंकराची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा, याही त्यातल्याच. आपण ती घंटा वाजवताना कधी म्हणतो का, ही आपली नाही म्हणून?

गोव्यात तर चर्चला जोडून गावोगाव शाळा होत्या. तिथे मुलांना अक्षरांबरोबर सुरांची लिपीही शिकवायचे, व्हायोलिन शिकवायचे. त्या परंपरेतले वादक पुढे पोटासाठी मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. संगीतकार चाल द्यायचा, त्या चालीखाली कॉर्ड आणि वाद्यांचे सूर कागदावर उतरवून द्यायचं काम बऱ्याचदा हे गोव्याचे लोक करायचे. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस होते. प्यारेलाल यांनी व्हायोलिन त्यांच्याकडेच शिकलं, आणि १९७७ च्या "अमर अकबर अँथनी"मध्ये नायक स्वतःचं जे नाव सांगतो, ते याच गुरुजींचं. म्हणजे रेडिओवर जुनी हिंदी गाणी ऐकत भाकऱ्या थापणाऱ्या आपल्या आया-आज्या, नाव माहीत नसतानाही, रोज मेजर कॉर्ड ऐकत होत्या.

आता पेटीचं ऐका, कारण माझ्या बैठकीतला खरा वाद तिच्यावरच होता. पेटी म्हणजे हार्मोनियम. ती १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झाली. तिला पायानं भाता द्यायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे. मग कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता द्यायची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी बनवली. मराठी संगीत नाटकानं तिला डोक्यावर घेतलं. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे आधी पेटीवादक म्हणून गाजले आणि १९११ च्या "मानापमान" नाटकाच्या चाली त्यांनीच दिल्या. तिथून ती कीर्तनात आणि भजनात शिरली. शे-सव्वाशे वर्षांत ती इतकी आपली झाली की ती पॅरिसची आहे हे कुणाला सांगून पटत नाही.

आणि तुम्ही आज मला ज्या माध्यमातून ऐकताय, त्या रेडिओनंच एकेकाळी तिला बाहेर काढलं होतं. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तीस वर्षांहून अधिक काळ ती टिकली, १९७१ नंतर सैल झाली. बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पेटीचे सूर ठोकलेले असतात, त्यांच्यावर मींड घेता येत नाही. आणि पेटीचा शुद्ध गंधार गळ्यातल्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले, तर साधारण चौदा भाग चढा. गिटारच्या ठोकलेल्या पट्ट्यांचाही हाच दोष. सगळ्या पट्ट्यांमधलं अंतर सारखं ठेवायचं, म्हणजे कुठूनही गाणं सुरू करता येतं, त्यासाठी मोजलेली ही किंमत.

हे सगळं वाचत असताना मला माहेरची मिरज आठवली. मिरजेची तंबोऱ्याची आणि सतारीची परंपरा मोठी. पंढरपूरकडच्या मोठ्या भोपळ्यांपासून तंबोरे बनतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. त्यांचा तंबोरा असा लागायचा म्हणतात, की नुसता ऐकत बसावा. सांगलीचे देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश, या दोघांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खाँसाहेबांचे सूर तपासून शुद्ध गंधार नेमका कुठे बसतो ते मोजायचा खटाटोप केला होता. तंबोऱ्याच्या चार तारा प, सा, सा आणि खालचा खर्ज सा अशा लावतात. त्यात गंधाराची तार नसते. पण तंबोरा नीट लागला, जवारी नीट बसली, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

कुणीही न छेडता गंधार येतो कुठून? ते मला गिटारवर कळलं. त्या मुलीनं सहावी, जाड तार घेतली. ती न दाबता, अगदी मध्यावर बोट नुसतं टेकवलं आणि छेडली. वरचा सा वाजला. तारेच्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे सातव्या पट्टीवर बोट टेकवलं. पंचम वाजला. मग चौथ्या पट्टीच्या किंचित अलीकडे, पाचव्या हिश्शावर. बारीक, काचेसारखा, पण स्वच्छ शुद्ध गंधार! एकच तार, आणि तिच्या पोटात सा, ग, प तिन्ही. तार छेडली की ती अख्खी हलतेच, पण त्याच वेळी दोन भागांत, तीन, चार, पाच, सहा भागांतही हलत असते. चार भागांचा सूर सा, पाच भागांचा ग, सहा भागांचा प. तेच झारलिनोचे आकडे. जे व्हेनिसमध्ये ग्रंथात लिहिलं गेलं, ते मिरजेच्या भोपळ्यातून ऐकू येत होतं. रीत समुद्रावरून आली, सूर मात्र आधीपासून इथेच होते.

आता मागे वळून बघा. एवढ्या इतिहासात मी किती नावं घेतली? झारलिनो, रामो, डिसोझा, गोन्साल्विस, घोष, टेंबे, देवल, खाँसाहेब. यात एकही बाई नाही. बायका गात नव्हत्या असं थोडंच आहे? पण वाद्य कुणाच्या हातात द्यायचं, शिक्षणावर पैसा कुणाच्या खर्चायचा, हे कुणीतरी ठरवत होतं. खाँसाहेबांची लेक हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफलीत गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. तेव्हा घरंदाज बाईनं असं बसून गाणं हेच लोकांना पचत नव्हतं. आज त्यांचं नाव आपण आदरानं घेतो.

पुढच्या बैठकीला मी त्या मुलीला गिटार घेऊन बोलावलं. भाषण केलं नाही. घंटेची आणि पेटीची गोष्ट सांगितली, तारेतला गंधार ऐकवला. मग मुलीनं अख्खी सी मेजर धरली. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात, मधलं बोट चौथीवर दुसऱ्या घरात, तर्जनी दुसरीवर पहिल्या घरात. सहावी तार सोडून बाकी पाच वाजवल्या. सा, ग, प, सा, ग. त्याच्यावर आमच्यातल्या एका भजनवाल्या मावशींनी नुसता सा लावला आणि डोळे मिटून बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, "लागतोय की."

तरी प्रश्न सुटला नव्हता. "पैसा येणार काय?" हा प्रश्न रास्त होता, गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. मी एवढंच विचारलं, "आपण मुलाच्या मोबाइलला कर्ज दिलं तेव्हा हे विचारलं होतं का?" कुणी उत्तर दिलं नाही. मतं घेतली. सात हात वर झाले, चार खाली राहिले, कर्ज मागणारी मतात नव्हती. मंजूर झालं. मशीनवाली म्हणाली, "हप्ता चुकला तर मी पहिली बोलणार." तिचा तो हक्कच आहे.

आज सात महिने झाले. हप्ता एकदाही चुकलेला नाही. पण तो अजून सुक्या बोंबलांतूनच जातो, गिटारमधून एक रुपयाही आलेला नाही, हेही सांगायला हवं. मुलगी शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या चार लहान मुलींना फुकट शिकवते. त्यातल्या दोघींच्या आया हात खाली ठेवणाऱ्या होत्या. मीही जाऊन बसते. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेत, सी मेजर धरताना पहिली तार अजून खरखरते. मुलगी म्हणते, "ताई, बोट उभं ठेवा, शेजारच्या तारेला लागतंय."

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या वहीतही "कारण" हा रकाना आहे. त्यात आजवर कुठली कारणं लिहिली गेली आणि कुठली कुणी लाजून सांगितलीच नाहीत, ते पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा. आणि देवळातल्या पेटीवरचं लाल कापड काढा. पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच. कुणी मागून ओरडलंच, तर भाता हलवत राहा.